आईच्या रकान्यात भुरी

आमच्या प्रयोगशाळेत आई म्हणजे जिने अंडं घातलं ती. नानांच्या वहीत आई म्हणजे जी अंड्यावर बसली ती. एवढ्या एका शब्दाने सगळा घोटाळा केला, आणि तो शब्द नानांच्या वहीतून प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरात मी माझ्या हाताने चढवला. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. मी तरीही लावते, स्वभावच आहे, पण सोय नाही.

नाना म्हणजे माझे वडील. तलावाच्या दारांवर त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. पाणी सोडायचं असलं की चाक फिरवून दारं उघडायची, साठवायचं असलं की बंद करायची. दारं बंद झाली की पाणी हळूहळू काठच्या लव्हाळ्यात चढतं, आणि रानबदकं घरटी करतात ती नेमकी त्याच लव्हाळ्यात, जमिनीवर. पहिल्या वर्षी नानांनी तरंगणारी अंडी पाहिली. 'माझ्या हाताने बुडतात,' म्हणायचे. तेव्हापासून दारं बंद करायच्या आदल्या दिवशी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लव्हाळ्यात शिरायचे, बुडतील ती अंडी टोपलीत घालून घरी आणायचे आणि आमच्या पाळीव बदकींच्या पोटाखाली सरकवायचे. पिल्लं मोठी झाली, पंखात बळ आलं, की आपापली तलावावर निघून जायची. नोकरी संपली तरी हा उद्योग संपला नाही. दारांवरचा नवा माणूस त्यांना आदल्या दिवशी फोन करतो.

या सगळ्याची नोंद नाना एका लांबट वहीत ठेवतात. तारीख, अंडी किती, फुटली किती, वाया गेली किती, आणि शेवटी एक रकाना: आई. त्या रकान्यात आमच्या पाळीव बदकींची नावं. भुरी, मास्तरीण, लंगडी. सगळ्यात जास्त वेळा भुरी.

मी प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं आहे. पिसाचं मूळ कापायचं, नळीत टाकायचं, त्यातला डीएनए सोडवून मशीनला द्यायचा. आमचं काम मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर चालतं. पेशीचा मुख्य डीएनए आईबापांचा मिळून असतो, पण पेशीला ऊर्जा पुरवणारे जे बारके कण असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा आपला वेगळा छोटासा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. आजीचा आईला, आईचा मुलांना, मुलीचा तिच्या मुलांना. बापाचा त्यात काडीचा संबंध नाही. नानांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे बाप कोण ते कळतच नाही?"

"या तपासणीत नाही कळत."

"बरंय. नर तसेही मादीने अंडी घातली की फिरकत नाहीत. शास्त्रालाही ते ठाऊक आहे म्हणायचं."

आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, यांना तलाव खात्याने एक काम दिलं. तलावावरच्या रानबदकांत पाळीव बदकं मिसळत चाललीत अशी खात्याला शंका होती. किती मिसळलीत ते शोधून द्या. खात्याच्या माणसांनी जाळी लावून त्रेचाळीस बदकं धरली, प्रत्येकाचं एक पीस उपटलं, पायात नंबराची कडी घातली आणि सोडून दिली. पिसं आमच्याकडे आली.

आता ताडून बघायचं कशाशी? रानबदकांचा नमुना परदेशी छापून आलेल्या कामात होता. पाळीव बदकांचे इथले नमुने मात्र हवे होते. बाजारातली दोन बदकं मिळाली, पण त्यांच्या आईचा पत्ता बाजारात कोण ठेवतो? मॅडम म्हणाल्या, "ज्यांची आई नक्की माहीत आहे अशी पाळीव बदकं कुठून आणायची?"

आणि मी तोंड उघडलं. "माझ्या वडिलांकडे आहेत. वहीत लिहिलेलं असतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

नाना तर फुलूनच गेले. लेकीला शास्त्रासाठी आपली वही लागतेय! त्यांनी त्या वर्षीच्या सतरा पिल्लांची पिसं सतरा पाकिटांत घालून दिली, वरती सुवाच्य अक्षरात आईचं नाव. मी म्हटलं, भुरीचंही एक द्या. तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही.

"ती पुन्हा बसलीय. बसलेल्या बदकीला हात लावायचा नाही."

"अहो नाना, एकच पीस."

"उठली की अंडी गार पडतात. तू आपली मशीन सांभाळ."

मी वाद घातला नाही, कारण शास्त्र माझ्या बाजूने होतं. मुलांत जे सापडतं ते आईचंच असतं, मग आईला कशाला उठवायचं? हे वाक्य मी मॅडमना म्हणून दाखवलं. त्यांनाही पटलं. दोघी शहाण्या!

निकाल आला. बाजारातली दोन बदकं एका प्रकारची निघाली, त्याला आम्ही 'क' म्हटलं. परदेशी छापलेली रानबदकं 'ख'. नानांची सतराच्या सतरा पिल्लं 'ग'. मॅडमनी निष्कर्ष काढला की इथल्या पाळीव बदकांत आईकडून आलेले दोन वंश आहेत, क आणि ग. त्यांना आनंद झाला, नवीन काही सापडलं की होतोच. मग तलावावरच्या त्रेचाळिसांची पिसं तपासली. पाच 'ख'. उरलेली अडतीस 'ग'.

"पण मॅडम," मी म्हटलं, "ती पिल्लं दिसायला अगदी रानातल्यासारखी आहेत. मान बारीक, रंग तसाच."

"बाप रानातला असेल," मॅडम म्हणाल्या. "बाप आपल्याला दिसत नाही. तेच तर आपण सांगतोय की मिसळ झालीय."

जे जे विरोधात जाईल ते ते बापाच्या गळ्यात घालता येत होतं, आणि बाप तर तपासणीत हजरच नव्हता.

अहवाल गेला. दोन महिन्यांनी खात्याचा आदेश निघाला: अस्सल पाच बदकांचा वंश टिकावा म्हणून पाळीव वंशाची अडतीस बदकं तलावावरून काढून टाकण्यात यावीत. खाली कड्यांचे अडतीस नंबर. काढून टाकणे म्हणजे मारणे, तेवढं सरकारी मराठी मलाही येतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पाळीव बदकांनी रानातला वंश बुडवायचा हेही बरोबर नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागले.

त्याच आठवड्यात नानांचं पाकीट आलं. आत एक भुरकट पीस आणि चिठ्ठी: 'भुरीचं बसणं संपलं, पिल्लंही सुटी झाली. आता उपटलं. अहवालात तिचंही नाव येऊ दे.' अहवाल कधीच गेला होता. पण म्हाताऱ्याचं मन राखायला मी ते पीस दुसऱ्या नमुन्यांसोबत मशीनला लावलं.

भुरी 'क' निघाली.

नळी बदलली असेल म्हणून मी पुन्हा केलं. 'क'. हातमोजे नवे, नळ्या नव्या, टेबल दोनदा पुसून तिसऱ्यांदा केलं. 'क'. भुरीची पिल्लं 'ग' आणि भुरी 'क', हे होऊच शकत नाही. जगात एक वेळ बापाबद्दल शंका घेता येते, पण इथे आईच खोटी ठरत होती. मी नानांना फोन लावला.

"नाना, यंदा वहीत भुरीच्या नावावर नऊ अंडी आहेत, ती तिने कधी घातली?"

"भुरी कुठली अंडी घालतेय! चार वर्षं झाली, बंद आहे ती."

"मग आईच्या रकान्यात भुरी का लिहिलंय?"

"मग कुणाचं नाव लिहू?" नाना चिडले. "अठ्ठावीस दिवस बसली. खायला उठायची ती पण पळत जाऊन पळत यायची. दुसरी कुणी आली होती का विचारायला?"

"अंडी कुणाची होती, नाना?"

"लव्हाळ्यातली. दरवर्षीचीच. तुला माहीत नाही का?"

मला माहीत होतं, हेच तर खरं दुखणं. लहानपणी टोपली धरून मी त्यांच्याबरोबर लव्हाळ्यात गेले होते. पण मला वाटलं, ती वेगळी आणि घरची वेगळी, वहीत घरची असतील. वाटलं कसलं, मी विचारलंच नाही. रकान्यावर 'आई' लिहिलेलं होतं, मला वाचता येतं, मी वाचलं. 'ग' म्हणजे पाळीव नव्हतीच. 'ग' म्हणजे आमच्याच तलावाचं रानबदक, जे परदेशी कुणी कधी तपासलं नव्हतं. अडतीसच्या अडतीस अस्सल होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास वळून दिला मी.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी तिन्ही निकाल स्वतः पडताळून पाहिले. वाईट बाई नाहीत त्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचाच मला राग आला. मग त्यांनी खात्याला पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता थांबल्या.

"एकाच बदकीचं पीस आहे आपल्याकडे. 'वर्गीकरण चुकलेलं असण्याची शक्यता आहे' एवढंच लिहिता येईल."

"शक्यता कसली, मॅडम? चुकलंच आहे!"

"मला माहीत आहे. पण लिहिता तेवढंच येईल. नक्की म्हणायला तलावाच्या नमुन्यांवर मुख्य डीएनएचं काम करावं लागेल. दीड-दोन महिने."

दोन महिने कुठले! आदेशाप्रमाणे काम पुढच्या सोमवारी सुरू व्हायचं होतं. बदकांची उडायची पिसं वर्षातून एकदा सगळी एकदम झडतात आणि नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. खात्याने नेमके तेच आठवडे धरले होते. जाळं टाकायला सोपं.

पत्र घेऊन मी स्वतः खात्यात गेले, नानांना बरोबर घेऊन. साहेब तरुण होते, नम्र होते. नानांना त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. पत्र दोनदा वाचलं.

"ताई, यात 'शक्यता आहे' असं लिहिलंय. माझ्या आदेशात 'आहेत' असं लिहिलंय. शक्यतेवर मी आदेश कसा थांबवू?"

"चूक आमची आहे, मी सांगतेय ना तुम्हाला. वही मीच दिली होती."

"तेव्हा वडिलांच्या वहीवरून तुम्ही म्हणालात पाळीव. आता वडिलांच्या सांगण्यावरून म्हणताय रानातली. मी वर काय सांगू? समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तिच्यापुढे ठेवतो पत्र."

"पुढच्या महिन्यात कशाला? बदकांच्या तेराव्याला?"

साहेबांनी पत्र फाइलीत ठेवलं. नाना खुर्चीत पुढे सरकले.

"साहेब, अंडी मी लव्हाळ्यातून उचलली. चाळीस वर्षं उचलतोय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, असं कुठे बोलू नका. रानबदकांची अंडी उचलणं गुन्हा आहे."

"मग लिहा गुन्हा."

"अहो..."

"लिहा ना. रानातली अंडी चोरली म्हणून लिहा. तुमच्याच कागदावर एकदा आलं की ती रानातली ठरतील. मी सही करतो."

नानांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. मला तोपर्यंत सुचलं नव्हतं ते. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कागद काय करू शकतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. साहेबांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत. तुमच्यावर मी गुन्हा लिहू? नाही हो आजोबा. जाऊ द्या. मी ऐकलंच नाही असं समजा."

"ऐका हो," नाना म्हणाले. "ऐका ना."

पण साहेबांनी ऐकलं नाही. उद्धट अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यावर औषध सोपं, आपण त्यांच्याहून उद्धट व्हायचं. या भल्या माणसावर माझ्याकडे औषध नव्हतं. दारापर्यंत तो नानांना हात धरून सोडायला आला.

शनिवारी आणि रविवारी मी जे जे सुचलं ते केलं. वर्तमानपत्रात फोन केला, त्यांनी माहिती मेलवर पाठवायला सांगितली. खात्याच्या वरच्या साहेबांना फोन केला, ते सुट्टीवर होते. मॅडमनी आणखी एक पत्र लिहिलं, पहिल्यापेक्षा कडक, तरी 'शक्यता' त्यातही होतीच. नाना दोन्ही दिवस वही उघडून बसले होते. आईच्या रकान्यातलं नाव ते खोडत नव्हते, त्याच्या पुढे बारीक अक्षरात 'अंडी लव्हाळ्यातली' असं लिहीत होते. चाळीस वर्षांच्या नोंदी. मी म्हटलं, आता त्याचा काय उपयोग? ते म्हणाले, "ठमे, बरोबर तर असू दे."

सोमवारी सकाळी आम्ही तलावावर पोचलो तेव्हा दोन चपट्या होड्या पाण्यात होत्या, काठावर प्लास्टिकचे क्रेट रचून ठेवले होते, आणि साहेब रबरी बूट घालून उभे होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला, पण हटकलं नाही त्यांनी. होड्यांतली माणसं जाळं सोडत अर्धवर्तुळ धरत होती. मधल्या पाण्यात बदकं एकमेकांना चिकटून होती. उडता येत नव्हतं, नुसते पंख आपटत होती.

नानांच्या मनात एक होतं. तलावाच्या पलीकडच्या टोकाला दलदल आहे, तिथे होडी रुतते. बदकं तेवढी तिकडे गेली तर नवी पिसं येईपर्यंत त्यांना कुणी हात लावू शकत नाही. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा आणि एक दांडकं काढलं आणि काठाने चालत होड्यांच्या पुढे गेले. मी मागोमाग. साहेबांनी "आजोबा, असं नका करू" म्हटलं, पण अडवायला कुणाला पाठवलं नाही.

नानांनी डबा बडवला. बदकं दचकली, वळली आणि दलदलीच्या दिशेने पोहायला लागली. खरंच लागली! जाळ्याचं टोक अजून बंद झालेलं नव्हतं, मध्ये चांगली फट होती. पुढची पाच-सहा बदकं त्या फटीकडे निघाली, मागची त्यांच्या मागे. होडीतला एकजण ओरडला, वल्हं जोरात मारायला लागला. नाना डबा बडवत होते, मी हातातल्या पर्सने लव्हाळं झोडत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण ते जमत होतं.

आणि नानांना राहवलं नाही. "जा!" ते ओरडले. "पळा! पळा तिकडे! जा माझ्या राजांनो!"

बदकं थांबली.

भुरी अंड्यांवर बसलेली असताना नाना रोज तिच्याशेजारी पाट टाकून बसायचे, तिच्याशी बोलायचे. दारात बसून पिल्लांना दाणे टाकायचे तेही बोलतच. आमच्या घरात शिकून मोठी झालेली ही बदकं. काही याच वर्षीची, काही दोन वर्षांपूर्वीची, काहींच्या आयाही आमच्याच अंगणातल्या. डब्याचा आवाज त्यांना परका होता. नानांचा नव्हता.

पुढच्या बदकाने मान वळवली. मग सगळीच वळली आणि सरळ आमच्याकडे पोहत यायला लागली. फटीपासून, दलदलीपासून दूर.

"नाही! नाही! तिकडे!" नाना ओरडले. ती आणखी जोरात यायला लागली. नाना दांडकं फेकून मारायला धावले, खाली वाकून चिखलाचा गोळा उचलला, फेकला, तो जवळच पडला. काहीतरी खायला टाकलं असं वाटून दोन-तीन बदकांनी तिथे चोची घातल्या. मी नानांचा दंड धरून ओरडले, "नाना, बोलू नका! गप्प बसा!"

साहेब आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांचा आवाज अगदी खाली होता, बोलायला नको असल्यासारखा.

"ताई, तुम्हीच बघा. रानातली बदकं अशी माणसाच्या आवाजाला येतात का?"

मला उत्तर माहीत होतं. सगळं, मुळापासून माहीत होतं, आणि त्यातलं एक अक्षर त्या माणसाला पटेल असं मला सांगता येत नव्हतं. जाळ्याची दोन टोकं मिळाली. नानांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. पहिली सात-आठ बदकं त्यांच्या पायांशी काठाला लागली होती, आणि मागची येतच होती.